इंद्रियांची साक्ष : हरमान हेल्महोल्ट्झ याचें चरित्र

जर्मनी देशांत बर्लिनपासून थोड्या अंतरावर पॉट्सडॅम नांवाचें टुमदार शहर आहे. प्रशियाच्या राजांचे वाडे, बागा आणि पलटणी यांकरितां तें पूर्वीपासून प्रसिद्ध. तेथें पलटणीकरितां बांधलेलें एक मोठें प्रार्थनामंदिर होतें व त्याचा मनोरा फार उंच होता. एके दिवशीं एक लहान मुलगा आईबरोबर त्या मनोऱ्यापाशीं आला. वर सज्जांत कांहीं माणसें उभीं होतीं. मुलानें तीं पाहिलीं आणि हट्ट धरला, कीं त्या चिमुकल्या बाहुल्या मला काढून दे. आईनें हात वर केला म्हणजे बाहुल्या सहज हातीं येतील, अशी त्याची खात्री होती.

असले हट्ट लहानपणीं कोणीं केले नाहींत? चंद्र मागणाऱ्या रामाची गोष्ट आपल्या घरोघरीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. मोठेपणीं आपण स्वतःचे हट्ट विसरून जातों. हा मुलगा मात्र विसरला नाहीं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं त्यानें दृष्टिशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ पुरा केला, तेव्हां त्यांत ही बालपणची आठवण त्यानें एखाद्या प्रयोगासारखी पुरावा म्हणून नमूद केली. मनोरा तोच, डोळेहि तेच, डोळ्यांत उमटणारें चित्रहि बहुतेक तेवढेंच. मग लहानपणीं बाहुली दिसते आणि पुढें माणूस दिसतो, हा फरक कोठून आला? या एका प्रश्नाच्या पाठीमागें त्याच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला.

हरमान हेल्महोल्ट्झ याचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजीं झाला. वडील तेथल्याच हायस्कुलांत भाषा व तत्त्वज्ञान शिकवीत असत. तरुणपणीं नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ते स्वखुषीनें लढले होते, आणि फिख्टे या प्रसिद्ध तत्त्ववेत्त्याच्या मुलाशीं त्यांची जन्माची मैत्री होती. घरांत पैसा बेताचा, पण ग्रंथ आणि वादविवाद यांना तोटा नव्हता.

मूल अशक्त होतें. पहिलीं कांहीं वर्षें बहुतेक अंथरुणांत किंवा खोलीच्या चार भिंतींआड गेलीं. खेळावयास लाकडी ठोकळे होते. ते जुळवावे, फिरवावे, मोडावे आणि पुन्हा जुळवावे, हाच उद्योग. पुढें शाळेंत भूमिति सुरू झाली, तेव्हां गुरुजींना मोठें नवल वाटलें. जे सिद्धांत ते शिकवणार, ते या मुलाला अगोदरच ठाऊक होते! पुस्तकावांचून, निव्वळ हातांनीं आणि डोळ्यांनीं, तो ते शिकून बसला होता.

हाच मुलगा पाठांतरांत मात्र मागें पडे. एकमेकांशीं संबंध नसलेले शब्द, व्याकरणांतील अपवाद, असल्या गोष्टी त्याच्या डोक्यांत टिकत नसत. डावें कोणतें आणि उजवें कोणतें, याचाहि घोटाळा होई. वर्गांत लॅटिन ग्रंथकारांचें वाचन चाललेलें असतांना बाकाखालीं कागद धरून दुर्बिणींतून किरण कसे जातात याच्या आकृति काढणें त्याला अधिक आवडे. शिक्षक या नात्यानें हें लिहितांना माझा हात जरा अडखळतो. बाकाखालीं कागद धरणारा प्रत्येक विद्यार्थी किरणांच्याच आकृति काढीत असतो, असा माझा अनुभव नाहीं.

त्याला पदार्थविज्ञान शिकावयाचें होतें, पण त्या शिक्षणावर पोट भरण्यासारखें नव्हतें व वडिलांना खर्च झेपण्यासारखा नव्हता. बर्लिन येथें सैन्यासाठीं वैद्य तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथें शिक्षण फुकट मिळे, मात्र पुढें आठ वर्षें सैन्यांत नोकरी करण्याचें बंधन असे. १८३८ सालीं हरमान त्या संस्थेंत दाखल झाला. विद्यार्थिदशेंत एकदां ज्वरानें तो रुग्णालयांत पडून राहिला. विद्यार्थी म्हणून उपचार फुकट झाले आणि त्या काळांतला खर्चाचा पैसा शिल्लक उरला. त्या पैशांतून त्यानें एक लहानसा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पुढें पदवीचा निबंध त्यानें या आजारपणाच्या मिळकतीवर लिहिला.

येथेंच त्याला योहानेस म्युलर हे गुरु लाभले. म्युलर यांची एक शिकवण नीट समजून घेतली पाहिजे, कारण हेल्महोल्ट्झचें सर्व काम तिच्यावर उभें आहे. ती अशी : प्रत्येक ज्ञानेंद्रियाचा मज्जातंतु आपली एकच भाषा बोलतो. डोळ्याच्या तंतूला प्रकाशानें जागें करा, दाबानें करा किंवा विजेनें करा, मनाला प्रकाशाचीच जाणीव होते. याचा अनुभव कोणासहि घेतां येईल. अंधाऱ्या खोलींत डोळा मिटून घ्या आणि पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोटाचें टोंक अगदीं हलकेंच टेका. (हलकेंच, असें मी दुसऱ्यांदां सांगतों.) खोलींत दिवा नसतांहि एक उजेडाचें वलय दिसेल. आणि गंमत अशी, कीं बोट कानाच्या बाजूस असून वलय दिसतें तें नाकाच्या बाजूस! याचें कारण हेल्महोल्ट्झनें कसें लावलें, तें पुढें येईलच.

नोकरीसाठीं तो पुन्हा पॉट्सडॅमला आला आणि पलटणीच्या बराकींतच त्यानें एक छोटी प्रयोगशाळा मांडली. २३ जुलै १८४७ रोजीं, पंचविशींतल्या या लष्करी वैद्यानें बर्लिनच्या पदार्थविज्ञान मंडळापुढें शक्तीच्या अक्षय्यतेवर निबंध वाचला. मायर आणि जूल यांनीं वेगवेगळ्या वाटांनीं तोच सिद्धांत गांठला होता, आणि मान कोणाचा यावर पुढें बरीच कडवट चर्चा झाली. तिच्यांत आपण शिरूं नये. निबंध छापण्याचें एका मान्यवर नियतकालिकानें नाकारलें, तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला, आणि आज वरच्या वर्गांतला प्रत्येक विद्यार्थी त्यांतला सिद्धांत शिकतो.

त्याची योग्यता ओळखून सरकारनें नोकरीचें राहिलेलें बंधन माफ केलें. १८४९ सालीं तो क्योनिग्जबर्ग येथें शरीरव्यापारशास्त्राचा अध्यापक झाला व त्याच वर्षीं ओल्गा फॉन व्हेल्टेन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. हें शहर तत्त्ववेत्ता कांट याचें. आतां तें रशियांत असून त्याचें नांव कॅलिनिनग्राड आहे. येथें त्यानें जो पहिला मोठा प्रयोग केला, त्यांत नवरा यंत्रापाशीं बसे आणि बायको आंकडे टिपून घेई.

प्रयोग मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें जातो हें मोजण्याचा होता. पायाला कांटा बोचला कीं त्याच क्षणीं आपल्याला कळतें, अशी सर्वांची समजूत. खुद्द म्युलर यांचेंहि मत असें होतें, कीं हा वेग माणसाला कधींच मोजतां यावयाचा नाहीं. हेल्महोल्ट्झनें बेडकाच्या पायाचा स्नायु त्याच्या मज्जातंतूसह काढून घेतला. तंतूला एकदां स्नायूच्या अगदीं जवळ आणि एकदां दूर विजेचा धक्का दिला. दूर दिलेल्या धक्क्यानें स्नायु किंचित् उशिरां आखडे. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबांतला. साध्या घड्याळाचें तें कामच नव्हे. म्हणून धक्क्याबरोबर एक विद्युत्प्रवाह सुरू व्हावा आणि आखडणाऱ्या स्नायूनें तो आपण होऊन तोडावा, अशी त्यानें योजना केली. प्रवाह जितका वेळ टिके, त्या मानानें चुंबकसूचि हले; त्यावरून वेळ काढावयाचा. उत्तर आलें, तें दर सेकंदास सुमारें २७ मीटर. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे बेडकाच्या अंगांतली बातमी आवाजापेक्षां किती तरी सावकाश चालते! माणसाच्या शरीरांतील जलद तंतूंत हा वेग १०० मीटरांपर्यंत जातो, आणि ठणकणाऱ्या दुखण्याची बातमी नेणाऱ्या बारीक तंतूंत तो सुमारें एक मीटरच असतो, हें आतां माहीत झालें आहे. ठेंच लागल्यावर आधीं स्पर्श कळतो आणि मग कळ येते, त्याचें कारण हेंच.

वडिलांना हा शोध पचनीं पडण्यास जड गेला. मनांत आलें आणि शरीरांत झालें, या दोहोंमध्यें वेळ जातो, ही कल्पनाच त्यांच्या तत्त्वज्ञानाला परकी होती. ज्ञान हें मनाच्या आंतून उगवतें, असें मानणाऱ्या पंथांत ते वाढले होते. मुलगा मात्र ज्ञानाच्या वाटेवर पायऱ्या मोजीत चालला होता. दोघांनीं एकमेकांवरील प्रेम सोडलें नाहीं आणि आपापलें मतहि सोडलें नाहीं.

दुसरा शोध १८५० च्या अखेरीस लागला, तोहि वर्गांत शिकवितां शिकवितां. डोळ्याची बाहुली काळी कां दिसते, हें विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची तो तयारी करीत होता. डोळ्यांत गेलेला प्रकाश आंतील पडद्यावरून परततो, पण तो ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें दिव्याकडे जातो. तो पाहावयाचा तर आपलें डोकें त्या वाटेवर आणावें लागतें, आणि डोकें आणलें कीं दिवा झांकला जातो. त्यानें एक पातळ कांच तिरपी धरली. दिव्याचा प्रकाश कांचेवरून परावर्तन पावून रोग्याच्या डोळ्यांत जाई आणि परतलेला प्रकाश कांचेंतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येई. पुठ्ठा, चष्म्याचीं भिंगें आणि सूक्ष्मदर्शकाबरोबर मिळणाऱ्या कांचेच्या चकत्या, एवढ्या सामानावर कांहीं दिवसांच्या खटपटीनें नेत्रदर्शक यंत्र तयार झालें. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आंतील पडदा, त्यावरील तांबड्या रक्तवाहिन्यांसह, त्याच्यापुढें स्पष्ट उभा राहिला. तोंवर वैद्य ज्याला केवळ आंधळेपण म्हणत, त्याचीं निरनिराळीं कारणें आतां डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलीं.

या यंत्राविषयीं माझी स्वतःची एक आठवण आहे. शिक्षक झाल्यावर पहिल्याच कांहीं वर्षांत, फळ्यावरचे आंकडे चुकीचे उतरविणाऱ्या एका मुलाला मी वारंवार शिक्षा करीत असें. तो आळशी आहे, असें मीं ठरवून टाकलें होतें. पुढें त्याच्या आईनें त्याला नेत्रवैद्याकडे नेलें, आणि चष्मा लावून तो वर्गांत आला त्या दिवशीं त्यानें एकहि आंकडा चुकविला नाहीं. त्या दिवशीं मला त्याच्याकडे वर पाहवेना.

ओल्गेची प्रकृति क्योनिग्जबर्गच्या थंडींत खालावत चालली, म्हणून १८५५ सालीं त्यानें बॉन येथें बदली करून घेतली व १८५८ सालीं तो हायडेलबर्ग येथें गेला. तिचा क्षय हटला नाहीं. २८ डिसेंबर १८५९ रोजीं दोन लहान मुलें मागें ठेवून ती वारली. दृष्टिशास्त्रावरील ग्रंथाचे तीन भाग १८५६ ते १८६७ या वर्षांत बाहेर पडले, ते अशा दिवसांत लिहिलेले आहेत. १८६१ सालीं आना फॉन मोल हिच्याशीं त्याचा दुसरा विवाह झाला.

या ग्रंथांत काय आहे? पहिल्या भागांत डोळा हें यंत्र, दुसऱ्यांत प्रकाश आणि रंग यांची संवेदना, तिसऱ्यांत पाहण्याचा अर्थ. रंगांविषयीं एकच गोष्ट सांगतों. चित्रकलेच्या पेटींतला निळा आणि पिवळा रंग मिसळला तर हिरवा होतो. पण निळा प्रकाश आणि पिवळा प्रकाश एका ठिकाणीं पाडला, तर पांढरा दिसूं शकतो! पेटींतले रंग प्रकाशांतला कांहीं भाग गिळून टाकतात. दोघांनीं गिळून जो उरतो तो हिरवा. प्रकाश मिसळतांना कांहीं गिळलें जात नाहीं, भर पडते. डोळ्यांत तीन जातींचे ग्राहक असून त्यांच्या कमीअधिक हालचालीनें सारे रंग भासतात, हें टॉमस यंग याचें १८०२ सालचें मत. हेल्महोल्ट्झनें प्रथम तें नाकारलें, मग अधिक प्रयोग करून स्वीकारलें. तीन जातींच्या त्या पेशी विसाव्या शतकांत प्रत्यक्ष मोजून सिद्ध झाल्या आहेत.

आतां तिसरा भाग, आणि त्या उजेडाच्या वलयाचें कोडें. डोळ्याच्या पडद्याचा जो भाग कानाच्या बाजूस आहे, त्यावर जन्मभर प्रकाश पडतो तो समोरून नाकाच्या बाजूनें. त्या भागाकडून बातमी आली, कीं प्रकाश नाकाच्या बाजूस आहे, असें मन लाखों अनुभवांवरून शिकलेलें असतें. बोटानें दाबलें तरी मन तोच निर्णय देतें. धूर पाहून आपण डोंगरावर अग्नीचें अनुमान करतों, तें जाणूनबुजून. पाहतांना, ऐकतांना, चांचपतांनाहि मन अनुमानच करीत असतें, पण इतक्या झटपट आणि इतकें नकळत, कीं आपल्याला वाटतें वस्तु सरळ समोर दिसली. आणि हें अनुमान समजावून सांगितल्यानें बदलत नाहीं. दाबणारें बोट आपलेंच आहे हें माहीत असूनहि वलय दिसावयाचें तें दिसतेंच. क्षितिजावरचा चंद्र मोठा झालेला नसतो हें पंचांगवाल्यालाहि कळतें, तरी त्याच्या डोळ्यांना तो मोठाच वाटतो.

हें अनुमान शिकलेलें असतें, याला त्यानें प्रयोग दाखविला. एका कडेस जाड व दुसऱ्या कडेस पातळ अशा कांचा त्यानें डोळ्यांपुढें धरल्या. त्यांतून सारें जग एका बाजूस सरकलेलें दिसतें. मग समोरची वस्तु नीट पाहून, डोळे मिटून तिच्याकडे हात नेला, तर हात चुकीच्या जागीं पडतो. परंतु त्याच कांचांतून आपल्या हाताकडे पाहत थोडा वेळ वस्तू हाताळल्या, कीं हात बिनचूक पडूं लागतो. एका हाताला शिकविलें तर दुसराहि शिकतो! पुढें कांचा काढून टाकल्यावर हात चुकतो, तो आतां उलट्या बाजूस. पाळण्यांतलें मूल तेंच करीत असतें. मोठ्यांना वाटतें तें खेळतें आहे. वस्तु उचलणें, फिरवून पाहणें, तोंडांत घालणें, टाकून देणें, हें सर्व त्याचें प्रयोग करणेंच होय. मनोऱ्यावरच्या बाहुल्या मागणाऱ्या हरमानचे प्रयोग अजून तेवढ्या उंचीवर पोंचले नव्हते, इतकेंच.

मग इंद्रियें आपल्याला जें देतात, तें जगाचें चित्र आहे काय? हेल्महोल्ट्झचें उत्तर असें, कीं तीं खुणा देतात. 'घोडा' हा शब्द घोड्यासारखा दिसत नाहीं. त्याला शेपूट नाहीं कीं खूर नाहींत. तांबडेपणा हीहि अशीच एक खूण आहे. कित्येकांना हें ऐकून भीति वाटली, कीं खुणांपलीकडे जग आहे कीं नाहीं याचीच खात्री उरणार नाहीं. १८७८ सालीं बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख म्हणून केलेल्या व्याख्यानांत त्यानें या शंकेला तोंड दिलें. खूण वस्तूसारखी नसली, तरी एका परिस्थितींत एकाच वस्तूची खूण दर वेळीं तीच असते. म्हणून खुणांच्या क्रमावरून वस्तूंचा क्रम आणि त्यांचे नियम कळूं शकतात, आणि आपण डोकें वळवून, हात पुढें करून, पलीकडे जाऊन ते पडताळून पाहूं शकतों. आपल्याशिवाय जग नाहींच, असें म्हणणाऱ्याला तर्कानें हरवितां येत नाहीं, हें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें. मात्र जग आहे असें धरून चालणें हाच सर्वांत सोपा आणि सर्वांत फलदायी मार्ग आहे, असें त्याचें म्हणणें होतें.

एवाल्ड हेरिंग या शास्त्रज्ञाशीं त्याचा दीर्घकाळ वाद चालला. जागेचें ज्ञान बरेंचसें जन्मतःच असतें, असें हेरिंग म्हणे. आजचा निकाल पाहिला तर कोणाचाच पुरा विजय झालेला नाहीं. नवजात अर्भकांवरील प्रयोगांत, वस्तु दूर गेली तरी तिचा खरा आकार तोच राहतो, याची कांहीं जाण त्यांच्यांत आढळली आहे. म्हणजे हेल्महोल्ट्झनें शिक्षणाला थोडें जास्तच श्रेय दिलें. परंतु मेंदू सतत अंदाज बांधतो व इंद्रियांच्या बातमीवरून तो दुरुस्त करतो, असें मानणारे आजचे संशोधक त्यालाच आपला पूर्वज समजतात.

डोळ्याच्या दोषांचीहि त्यानें झडती घेतली. असलें सदोष यंत्र एखाद्या कारागिरानें विकावयास आणलें, तर आपण तें दोष दाखवून परत करूं, असें त्यानें बोलून दाखविलें. डोळ्याच्या रचनेंत देवाची करणी पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना हें वाक्य प्रथम बोंचतें. परंतु तेथेंच तो पुढें असेंहि म्हणतो, कीं आपले डोळे मात्र आपण आनंदानें जवळ ठेवूं, कारण वापरांत ते दोष जाणवत नाहींत आणि कामाला हें इंद्रिय उत्कृष्ट आहे. तें वाचल्यावर माझा राग उरला नाहीं.

कानाविषयींचा त्याचा ग्रंथ १८६३ सालीं निघाला. सतारीचा षड्ज आणि बांसरीचा षड्ज एकाच उंचीचा असूनहि वेगळा कां वाटतो, हें त्यांत सांगितलें आहे. प्रत्येक स्वरांत मूळ स्वराबरोबर बारीक उपस्वर मिसळलेले असतात, आणि त्यांच्या प्रमाणावर आवाजाची जात ठरते. तंबोऱ्याच्या खर्जांतून गांधार ऐकूं येतो, हें आपल्या गवयांना ठाऊकच आहे. हेल्महोल्ट्झनें पोकळ गोळे तयार करविले. एकेक गोळा कानाला लावला, कीं आपापला एकच स्वर उचलून दाखवी. कानांतल्या पडद्यावरील तंतु तारांसारखे निरनिराळ्या स्वरांनीं कांपतात, ही त्याची उपपत्ति पुढें फॉन बेकेशी यानें पुष्कळ सुधारली व त्याबद्दल बेकेशीला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा ग्रंथ आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं विद्यार्थिदशेंतच वाचला होता आणि त्याचा आपल्यावर फार परिणाम झाल्याचें त्यांनीं सांगून ठेवलें आहे. मृदंग व तबला यांवर शाई घातल्यानें त्यांचे नाद सुरेल कसे होतात, हें रामन यांनीं पुढें दाखविलें.

१८७१ सालीं हेल्महोल्ट्झ बर्लिनला पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला. मुलांनो, इतका थोर मनुष्य वर्गांत मात्र चांगला शिकवीत नसे! व्याख्यानाची तयारी नसे, आंकडेमोड चुके, आणि बाकें हळूहळू रिकामीं होत. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या माक्स प्लांक यांनीं हें स्वतः अनुभवलें होतें. तरी हाइन्रिख हर्ट्झ त्याच्याच हाताखालीं तयार झाला. मानसशास्त्राची लाइपझिग येथील प्रसिद्ध प्रयोगशाळा १८७९ सालीं काढणारा व्हिल्हेल्म वुण्ट हाहि हायडेलबर्ग येथें त्याचा साहाय्यक होता. १८८३ सालीं हेल्महोल्ट्झला सरदारकी मिळाली, आणि पुढें शार्लोटेनबुर्ग येथील राष्ट्रीय भौतिक-तांत्रिक संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

शेवटचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १८८९ सालीं त्याचा मुलगा रॉबर्ट ऐन तारुण्यांत वारला. १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनाहून परततांना जहाजाच्या जिन्यावरून तो पडला व डोक्याला मोठी जखम झाली. १ जानेवारी १८९४ रोजीं हर्ट्झ वारला. म्हाताऱ्या गुरूनें त्या तरुण शिष्याच्या अखेरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहून दिली. जुलै महिन्यांत त्याला अर्धांगाचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजीं त्याचा अंत झाला.

दृष्टिशास्त्रावरील ग्रंथाची दुसरी आवृत्ति तेव्हां भागाभागांनीं निघत होती. जुन्या मतांपैकीं कांहीं बदलून, नवे प्रयोग घालून, तो ती स्वतः नव्यानें लिहीत होता. ती त्याच्या हातून पुरी झाली नाहीं. आर्थर क्योनिग या त्याच्या सहकाऱ्यानें राहिलेलें काम पुरें केलें व १८९६ सालीं तो ग्रंथ लोकांच्या हातीं पडला.